नऊ फोनांची पिशवी

डोक्यावर पानांचा भारा असला की माणसाला चार पावलांपलीकडचं दिसत नाही. सासूबाई पुढे होत्या, आणि त्यांना तर सकाळच्या उन्हात तसंही धड दिसत नाही. त्या सरळ तारेवर गेल्या. भारा पलीकडे पडला, त्या अलीकडे बसल्या, आणि पोटरीवर काट्याने वीतभर ओरखडा निघाला. काल संध्याकाळी तिथे काही नव्हतं. आता चार पदरी काटेरी तार होती, आणि खांबांच्या बुडाशी सिमेंट अजून ओलं होतं.

"कुणाला आलीय ही मस्ती?" मी ओरडले.

बागेचा राखणदार झाडाखालून उठून आला. हा गडी दहा वर्षं आमच्याकडून गुरांची दावी फुकट नेतो.

"वहिनी, ओरडू नका. मालकांनी घातलीय. इथून वाट नाही."

"वाट नाही? मग मी उभी आहे ते काय आहे?"

त्याने खाली बघितलं. पायाखाली हातभर रुंद, घट्ट झालेली माती होती, गवताचं पातं नाही. सासूबाईंच्या सासूच्याही आधीपासून आमच्या घरच्या बायका भारे घेऊन इथूनच तळ्यावर जातात.

"मला माहीत आहे हो," तो हळूच म्हणाला. "पण नकाशात नाही." आणि त्याने खिशातून फोन काढून माझ्या तोंडासमोर धरला.

आम्ही दोर करणारी माणसं. वरच्या उतारावर घायपात आहे. त्याची पानं कापायची, टोकाचे काटे छाटायचे, भारे बांधायचे आणि तळ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. आठ-दहा दिवसांत गर कुजतो. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून पानं फळीवर धोपटायची, धुवायची, की आतला पांढरा वाख निघतो. त्याला पीळ घालून दोर. वास असा की नवी सून पहिला महिना जेवत नाही. मीही जेवले नव्हते. रस अंगाला लागला की खाज सुटते, कोपरापर्यंत पुरळ उठतं, आणि वर्षं गेली तरी कातडीला त्याची सवय होत नाही. पण एक गोष्ट सांभाळावी लागते. सकाळी कापलेलं पान दुपारच्या आत पाण्यात गेलं पाहिजे. उन्हात वाळलं तर गर वाखाला धरून बसतो, मग कितीही धोपटा, दोर ठिसूळच होणार.

ह्या वाटेने तळं दहा मिनिटांवर. बागेला बाहेरून वळसा घालून गेलं तर सव्वा तास. आम्ही दिवसाला सहा खेपा करतो, तिघं मिळून. ज्याला हिशेब येतो त्याने करावा. वाट गेली म्हणजे धंदा गेला, आणि आमच्या घरात दुसरा धंदा कुणाला येत नाही.

बागवाल्याची बाग आधी वाटेच्या एकाच अंगाला होती. मागच्या वर्षी त्याने दुसऱ्या अंगाची जमीनही घेतली. मधे राहिली होती फक्त आमची वाट. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही पडला.

नकाशाचं आधी सांगते, नाहीतर कळायचं नाही.

थंडीच्या दिवसांत एक नकाशावाली बाई गावात आली. पाठीला बॅग, पायात चांगले बूट, बोलायला गोड. शाळेच्या व्हरांड्यात तिने सगळ्यांना बसवलं. म्हणाली, तुमच्या गावाचा नकाशा आजवर दुसऱ्यांनी काढला, कचेरीत बसून काढला आणि चुकीचा काढला. आता तुम्हीच काढा. कुठे वाट, कुठे विहीर, कुठे पूल खचलाय, तुम्ही फोनवर टाका. नऊ फोन त्या जागी जाऊन आले आणि नऊ जणांनी "बरोबर" दाबलं की नोंद पक्की. ती वही एकाच्या कपाटात नाही, सगळ्यांच्या फोनांत एकच वही. एक नोंद दुसरीला बांधलेली, दुसरी तिसरीला. कुणाचा बाप आला तरी पुसता येणार नाही. ह्याला ब्लॉकचेन म्हणतात.

"कचेरीतला कारकूनसुद्धा नाही पुसू शकणार?" सुताराने विचारलं.

"कुणीच नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. कारकुनाने ज्याचं कधी ना कधी काही पुसलं नाही असं घर गावात नाही.

वर फोनचं रिचार्ज फुकट. जितक्या नोंदींना साक्ष द्याल तितकी तुमची पत वाढणार, नावापुढे हिरवी खूण येणार. होड्यांसाठी दोर घेणारा आमचा व्यापारीही त्याच साखळीवर आला. दोर कुणी केला, कुठल्या तळ्यावर केला, करणाऱ्याची पत कशी, हे फोनवर बघूनच तो माल उचलायला लागला. झालं. सगळं गाव साक्षीदार.

आता नोंदीसाठी चालायचं कुणी? आमच्या गावाची एक जुनी रीत आहे. गिरणीला एक जण निघाला की आळीतल्या सगळ्यांची दळणं त्याच्या डोक्यावर. दवाखान्यात एक जण निघाला की सगळ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या त्याच्या खिशात. उगाच दहा जणांनी कशाला पाय मोडायचे? फोनांचंही तसंच झालं. आणि तो एक जण कोण? आमचे हे.

ह्यांच्या तोंडात जीभ आहे हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. पण पाय आहेत, ते सगळ्या गावाला माहीत. दूधवाली म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तसेही पानं बघायला रानात जाताच, माझा फोन न्या की." मग सुताराने दिला, मग शिंप्याने, गिरणीवाल्याने, सायकलवाल्याने, दुकानदाराने, मास्तरांनी, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. नववा आमचा घरचा, माझ्या नावावरचा. ह्यांचा स्वतःचा फोन नाही. मी वाखाची एक पिशवी विणून दिली, आतून नऊ कप्पे. किती कौतुकाने विणली होती मी ती! रोज सकाळी हे नऊ फोन खांद्याला लावून निघायचे, संध्याकाळी घरोघर परत द्यायचे. मग ज्याने त्याने आपापल्या उंबऱ्यावर बसून बोटाने दाबायचं: बरोबर, बरोबर, बरोबर. बघायचं कशाला? भाऊजी चालून आलेत ना.

आणि आम्ही रोज तळ्यावर जायचो ते फोन घरी ठेवून. गुडघाभर कुजक्या पाण्यात फोन घेऊन कोण उतरतं? म्हणजे बघा. जी माणसं त्या वाटेने रोज चालत होती, त्यांच्याजवळ फोन नव्हता. आणि ज्यांचे फोन चालत होते, ती माणसं घरी बसली होती.

त्या दिवशी राखणदाराच्या फोनवर मी जे वाचलं ते असं: "तळ्याकडे जाण्याची वाट बागेच्या कुंपणाबाहेरून आहे. दुसरी वाट नाही. साक्षी नऊ. नोंद पक्की."

मी सासूबाईंना तिथेच बसवलं, पोटरीला पदराची चिंधी बांधली आणि तडक बागवाल्याकडे गेले.

तो माल भरायच्या शेडमध्ये होता. दहा-बारा बाया फळं निवडत होत्या. दोघी माझ्या ओळखीच्या, मी आत शिरले तशा त्यांनी माना खाली घातल्या. माझ्या हातांना वास येत होता, पायाला चिखल होता. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्या लुगड्याकडे बघितलं, आणि बस काही म्हणाला नाही. एका बाईला म्हणाला, "ताईंना पाणी द्या."

"पाणी नको. तार काढा."

"ताई, शांत व्हा. मी काही वाकडं केलेलं नाही. नोंद टाकली, नऊ जणांनी साक्ष दिली. तुमच्याच माणसांनी."

"माझ्या माणसांनी? त्या वाटेवर कधी पाय तरी ठेवलाय त्यांनी?"

"तेच तर म्हणतोय. त्यांनी ठेवलेला नाही. बाहेरून गेले." त्याने फोनवर रेघ दाखवली. नऊ रंगांच्या नऊ रेघा, एकीवर एक बसलेल्या, बागेला बाहेरून वळसा घालून तळ्यापर्यंत. "तीन दिवस, लागोपाठ."

मला आठवलं. उन्हाळा लागता लागता हे तीन दिवस उशिरा आले होते. मी विचारलं तर म्हणाले, बागवाला भला माणूस आहे, म्हणाला उन्हात कशाला जाता, माझ्या कुंपणाच्या सावलीने जा, शेवटच्या झाडाखाली माठ ठेवलाय, पाणी प्या. पाणी प्या! नवऱ्याला माझ्या कुणी गोड बोललं की तो विहिरीत उडी मारेल आणि वर म्हणेल, बिचाऱ्याने दोर तरी दिला होता.

"साक्षी कुणाच्या ते वाचून दाखवा," मी म्हटलं. मला एकेकाच्या दारात जायचं होतं.

"कशाला उगाच."

"वाचा!"

त्याने वाचलं. "दूधवाली. सुतार. शिंपी. गिरणीवाला. सायकलवाला. दुकानदार. मास्तर. नर्सबाई." मग माझ्याकडे बघितलं. त्याला हसू आवरत नव्हतं. "दोरवाली."

निवडणाऱ्या बायांपैकी कुणाच्या तरी हातून फळ खाली पडलं.

मी दाबलं होतं. कधी दाबलं ते आठवेना, पण कसं दाबलं असेल ते आठवलं. संध्याकाळी हात खाजत असायचे, राख चोळून चोळून मी चुलीपुढे बसलेली, आणि हे फोन पुढे धरायचे. मी करंगळीच्या पेराने दाबत सुटायची. फोनला रस लागू नये एवढीच काळजी. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी शेडमधून बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते, आणि मागे तो त्या बाईला सांगत होता, पाणी परत माठात ओत.

त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही बाहेरून गेलो.

पहाटे उठून पानं कापायची, उजाडायला निघायचं. वळशाची वाट खडीची. भारा डोक्यावर ओला असतो तेव्हा मणाचा असतो, आणि पोहोचेपर्यंत उन्हाने हलका होतो. तो हलका व्हायला लागला की मी पळत सुटायची. सहाच्या जागी दोन खेपा. दुसरी पोचायची तोवर पानांच्या कडा वळलेल्या. तळ्यात आधीच टाकलेली पानं काढायला हात पुरेनात, ती जास्त कुजली, वाख काळा पडला आणि बोटांत धरला की तुटायला लागला. सासूबाई चौथ्या दिवशी खडीवर पडल्या. गुडघा सुजला. तरी पाचव्या दिवशी आल्या. सहाव्या दिवशी मीच त्यांना खाटेला बसवलं आणि म्हटलं, आई, आता उठलात तर माझी शपथ. त्या म्हणाल्या, "तुझ्या शपथेने पानं पाण्यात जातात का?" आणि तोंड फिरवून रडल्या. चाळीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं.

मधे एकदा कचेरीत जाऊन आले. कारकून म्हणाला, "जुन्या नोंदवह्या माळ्यावर टाकल्या. आता जे साखळीत ते खरं. माझ्या हातात काही नाही." जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ते नेमकं माझ्या वेळेला.

घरी मी ह्यांच्यावर तुटून पडायची. "जिभेला हाड नाही म्हणतात, तुमच्या जिभेला नुसतं हाडच आहे! तो पाणी पाजतो आणि तुम्ही पिता? एवढं तरी विचारायचं, बाबा रे, माझी वाट सोडून मी तुझ्या कडेने का जाऊ?"

"मला वाटलं," हे म्हणाले, "दुसऱ्यांच्या फोनांनी आपली वाट का लिहून घ्यायची. बरं दिसत नाही."

काय बोलणार ह्या माणसाला! मी हातातला वाख भिंतीवर फेकून मारला. त्यांनी तो उचलला, झटकला आणि परत दोर वळायच्या चातीपाशी आणून ठेवला.

बाराव्या दिवशी मी आठही दारं फिरले. म्हटलं, चला माझ्याबरोबर. तारेपाशी नऊ जण उभे राहू, इथे वाट आहे म्हणू. गाव करील ते राव काय करील? दूधवालीने मान डोलावली. सुतार म्हणाला, अन्याय आहे, धडधडीत अन्याय आहे. मास्तरांनी तर दहा मिनिटं भाषण दिलं. मला इतकं बरं वाटलं की परतताना मी एकटीच मोठ्याने बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराच्या अंगणात जमायचं ठरलं होतं. मी गेले. अंगणात सुतार एकटा. आणि बाकावर माझी ती वाखाची पिशवी, रात्री ह्यांच्याकडून कुणी मागून नेलेली.

"सगळ्यांनी दिलेत," तो म्हणाला. "आठही आहेत. घेऊन जा, वहिनी. आम्ही मनाने तुझ्याबरोबरच आहोत."

मला आधी कळलंच नाही. मी पिशवीत डोकावले. कप्प्याकप्प्यात फोन नीट बसवलेले, पुसून वगैरे.

"माणसं कुठायत?"

"अगं, ज्याला त्याला कामं. दूधवालीची गाय व्यायला झालीय. मास्तरांची शाळा. फोन आहेत ना? साक्ष फोनच देतो."

"माझी सासू तारेवर पडली सुतारदादा, तिचा फोन नव्हता पडला! मला पाय पाहिजेत! तुमचे! हे, हे खाली लोंबतायत ते!"

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. मी पिशवी बाकावरून खाली ढकलली. दोन फोन बाहेर घरंगळले. एकाची काच गेली, मास्तरांचा निघाला, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

त्यावर गावात माझीच बदनामी. डोकं फिरलंय म्हणाले. काचेचं बोलले सगळे, तारेचं कुणी नाही.

नकाशावाली बाई त्याच आठवड्यात आली, कुणीतरी काचेची तक्रार केली म्हणून. मी तिला हाताला धरून आमच्या घरात आणली. ओसरीवर वाखाच्या काळ्या जुड्या पडल्या होत्या, त्यांवर पाय न देता ती जपून बसली. सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला, खोटं नाही बोलणार मी.

"पुसता येत नाही," ती म्हणाली. "पण सोडवता येते. साक्षी नवाच्या खाली गेल्या की नोंद सुटते. कुणाही एकाने साक्ष मागे घेतली तरी पुरे."

"एकानेच?"

"एकानेच."

"मग हे शाळेच्या व्हरांड्यात का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही." तिने बॅग मांडीवर ओढली. "आणि मागे घेणाऱ्याच्या नावावर 'खोटी साक्ष' असं लागतं. लाल खूण. ती कायमची. जगात कुठेही, कुणालाही दिसते."

हे दारात उभे होते. पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. "माझ्या नावावर लावा. पिशवी माझ्या खांद्यावर होती."

"तुम्ही नकाशात नाही आहात, भाऊ."

"मीच चाललोय. सगळा नकाशा मीच चाललोय."

"तुमच्या नावावर फोन नाही. तुमचं नाव कुठेच येत नाही."

ह्यांनी आपल्या तळपायाकडे बघितलं. टाचांच्या भेगांत माती भरली होती. मग हे आत गेले. त्या बाईला मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तिने ऐकून घेतलं, एवढं तिचं मोठेपण.

त्या दुपारी मी परत आठ दारं फिरले. ह्या वेळी एकच विचारलं: कुणी एक जण मागे घेतंय का? शिंपी म्हणाला, माझी हिरवी खूण बघून गिऱ्हाईक येतं. दुकानदार म्हणाला, माझा माल अडेल. नर्सबाई म्हणाल्या, माझी नोकरी आहे गं. दूधवाली गाईच्या अंगावरून हात फिरवत राहिली. खोटं कुणीच म्हणेना. सगळ्यांना ठाऊक, वाट आहे. पण पत जाईल. जी पत घरात बसून मिळाली ती!

आणि माझं? व्यापारी लाल खुणेचा माल उचलत नाही. वाट ठेवली तर दोर विकला जाणार नाही, हिरवी खूण ठेवली तर दोर होणारच नाही. रात्र माझी डोळे उघडे ठेवून गेली. सकाळी सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "विकला नाही तर घरात पडून राहील. पण आधी होऊ तर दे." त्यांनी गुडघ्याला फडकं घट्ट आवळलं आणि काठी मागितली.

आम्ही तिघं भारे घेऊन तारेपाशी गेलो. राखणदाराने मालकाला हाक मारली. मालक आला, मागोमाग निवडणाऱ्या दोघीतिघी. माझ्या डोक्यावर भारा तसाच होता. मी एका हाताने तो धरला आणि दुसऱ्या हातात फोन.

साक्ष मागे घ्यायची का? हो. खात्री आहे का? हो. हे कधीही पुसता येणार नाही, खात्री आहे का? अरे हो! कारण सांगा.

कारण लिहायला हात मोकळा नव्हता. मी बोलायचं बटण दाबलं आणि बोलले. ते आजही तिथे आहे, कुणालाही ऐकू जाईल.

"मी दोरवाली. मी खोटी साक्ष दिली. मी त्या दिवशी बागेच्या बाहेरून चालले नव्हते, घरी राख चोळत बसले होते. दूधवाली चालली नव्हती. सुतार चालला नव्हता. मास्तर तर शाळेतून संडासला सुद्धा चालत जात नाहीत. चालला एकच माणूस, त्याचं नाव तुमच्याकडे नाही. आणि मी आत्ता जिथे उभी आहे तिथे वाट आहे. माझ्या सासूच्या पोटरीवर तिची खूण आहे, येऊन बघा. बरोबर म्हणा नाहीतर चूक म्हणा, मी चालले."

पाठवलं. फोन थरथरला. "साक्षी आठ. नोंद सुटली." आणि माझ्या नावापुढे लाल ठिपका.

"आता तुझा दोर कोण घेणार?" बागवाला म्हणाला. ताई गेली, अहोजाहो गेलं.

"तुझ्या गळ्याला लावीन," मी म्हटलं. "बाजूला हो."

तो राखणदाराकडे बघायला लागला. राखणदार झाडाकडे. ह्यांनी भारा खाली ठेवला, खांबापाशी उकिडवे बसले आणि तारेची गाठ सोडायला लागले. बोटांतून रक्त येत होतं. चारही पदर सोडवले, आणि मला वाटलं आता त्याच्या अंगावर फेकतील. नाही! हा माणूस तारेची व्यवस्थित गुंडाळी करतो आणि दोन्ही हातांनी मालकाला देतो! मी कपाळावर हात मारला. पण मालकाने ती घेतली. घ्यावीच लागली त्याला, बाया बघत होत्या. सासूबाई काठी टेकत सगळ्यांत आधी पलीकडे गेल्या.

पंधरा दिवसांत वाख पुन्हा पांढरा निघायला लागला. व्यापाऱ्याची गाडी आली. त्याने फोन धरला, लाल ठिपका बघितला, माझ्याकडे बघितलं. दोराला हात लावून म्हणाला, माल चांगला आहे हो, आणि रिकामी गाडी घेऊन गेला. ओसरीवर दोरांची रास कंबरेइतकी झाली.

मग आली दूधवाली. हातात फोन, चेहऱ्यावर काळजी. "वहिनी, जीव तुटतो गं माझा. असं कर, तुझा दोर माझ्या नावावर घाल. माझी पत चांगली आहे. व्यापाऱ्याला काय, केला कुणी ते हिरवं दिसलं म्हणजे झालं."

खोटं धरून ठेवलं ती हिरवी, आणि खरं बोलले ती लाल. आणि आता माझ्या हातचा दोर हिच्या नावाने जाणार! माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली की मला वाटलं आता हिला मारते. पण रास समोर होती. आणि सासूबाईंचं औषध संपलं होतं.

"चालेल," मी म्हटलं. "पण दोर केला म्हणून लिहायचं तर आधी करून बघ." मी तिचं मनगट धरलं.

"अगं, फोन घे की माझा—"

"फोन नको."

तिला मी तशीच ओढत नेली, वाटेने, तळ्यावर. दहा मिनिटं ती हसत होती, सोड म्हणत होती. काठावर वास आला तशी हसायची थांबली. मी लुगडं खोचलं, तिचंही खोचलं आणि तिला गुडघाभर पाण्यात उतरवलं. हातात कुजलेलं पान दिलं, फळी दिली, धोपटणं दिलं. पहिल्या चार फटक्यांत रस तिच्या कोपरापर्यंत उडाला. पाचव्याला खाज सुटली. तिने धोपटणं टाकलं आणि दोन्ही हात खाजवत अशी ओरडली की पलीकडे बागेतल्या बाया कुंपणापाशी धावत आल्या.

"ओरड," मी म्हटलं. "पोटभर ओरड. मग दाब बरोबर."